अंगठा आणि सही

गेल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी अर्जावर पालकाची सही लागते म्हणून आई माझ्याबरोबर आली होती. वडिलांना पेरणी सोडून येता येईना. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज पुढे सरकवला आणि त्याच्यासोबत शाईचे पॅडही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हाताची सवय. आई म्हणाली, "सही येती मला." आई चौथीपर्यंत शिकलेली. द्राक्षबागेत रोजाने जाणारी बाई वर्षातून एकदा-दोनदा पेन धरते, त्यामुळे नाव आणि आडनाव लिहायला तिला पुरते अर्धे मिनिट लागले. मागे रांग ताटकळली होती. खरे सांगायचे तर मला त्या अर्ध्या मिनिटाची लाज वाटली.

पुढे द्वितीय वर्षात अमेरिकेचा इतिहास शिकताना ते अर्धे मिनिट मला पुन्हा आठवले, आणि या लेखाचे मूळ तिथेच आहे. विषय तसा लांबचा. अमेरिकेत गिरण्या सुरू झाल्या त्या काळातल्या समाजसुधारणेशी पलूस तालुक्यातल्या मुलीचा काय संबंध, असे मलाही वाटले होते. पण ग्रंथालयात बसून वाचू लागले तसतसे वाट फिरून फिरून आपल्याच सातारा-सांगलीकडे येऊ लागली.

मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या काठी लॉवेल नावाचे गिरणीगाव १८२० नंतरच्या दशकात उभे राहिले. नदीच्या पाण्याच्या जोरावर माग चालत. मागावर काम करणाऱ्या बहुतेक मुली होत्या, आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या, पंधरा ते पंचवीस-तीस वयाच्या. मालकांनी त्यांच्यासाठी वसतिगृहे बांधली होती, रात्री दहाला दार बंद होई, रविवारी प्रार्थनेला जावे लागे. परदेशी पाहुणे येऊन या व्यवस्थेची वाहवा करीत. पण घंटेवर उठायचे, घंटेवर जेवायचे आणि दिवसाला बारा तासांवर काम करायचे, हे त्या मुलींचे रोजचे जिणे होते. १८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा त्यांनी काम बंद केले. १८३६ मध्ये वसतिगृहाचा दर वाढवला तेव्हा पुन्हा. दोन्ही वेळा मुली झुंडीने रस्त्यावर आल्या.

मला खरी गोष्ट वाटते ती यानंतरची. १८४४-४५ मध्ये साराह बॅगली आणि तिच्या सोबतिणींनी स्त्री कामगारांची संघटना बांधली आणि 'कामाचा दिवस दहा तासांचा करा' असा अर्ज राज्याच्या विधिमंडळाकडे पाठवला. खाली दोन हजारांच्या आसपास सह्या होत्या. विधिमंडळाला समिती नेमावी लागली, आणि त्या समितीपुढे गिरणीतल्या बाया साक्षीला उभ्या राहिल्या. समितीने मागणी फेटाळली. समितीचा अध्यक्ष विल्यम शाऊलर लॉवेलचाच. पुढच्या निवडणुकीत या बायांनी त्याच्याविरुद्ध प्रचार केला आणि तो पडला. गंमत अशी की मत देण्याचा अधिकार या बायांना नव्हताच! दहा तासांचा कायदा मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये १८७४ साली झाला. सही केलेल्या कितीजणी तोवर म्हाताऱ्या झाल्या असतील.

हे मी घरी आईला सांगितले. ती भाकरी थापत होती. संप, तास, गिरणी यांतले तिला फारसे नवे वाटले नाही. तिने एकच विचारले, "त्या समद्यांला सही येत हुती?"

माझ्या पाठ्यपुस्तकात हा प्रश्न नाही. त्याचे उत्तर शोधायला मला दोनशे वर्षे मागे जावे लागले. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६४७ सालीच असा नियम झाला होता की पन्नास घरांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकवणारा एक माणूस ठेवलाच पाहिजे. हेतू धार्मिक होता, पोरांना बायबल वाचता यावे. पण त्याचा परिणाम असा झाला की गिरणी आली तेव्हा त्या भागातल्या शेतकऱ्याच्या मुलीला लिहिता-वाचता येत होते. शाळा आधी, गिरणी नंतर. त्या मुली 'लॉवेल ऑफरिंग' नावाचे मासिक स्वतः लिहून काढीत. ते मालकांविरुद्ध ब्र काढत नाही म्हणून बॅगलीने त्यावर टीका केली आणि 'व्हॉइस ऑफ इंडस्ट्री' या कामगारांच्या पत्रात लिहू लागली. मालकाशी भांडायला आधी लेखणी हाताशी होती.

त्याच अमेरिकेत दक्षिणेकडे काय चालले होते? तिथल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस बाल्टिमोर शहरात पोरवयात गुलाम होता. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, तर मालकाने तिला थांबवले. वाचायला आलेला गुलाम गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे. डग्लस लिहितो की मालकाच्या त्या बोलण्यातूनच त्याला सुटकेची वाट कळली. मग तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना घरातली भाकरी द्यायचा आणि बदल्यात अक्षरे शिकायचा. त्याचे आत्मचरित्र १८४५ साली आले, म्हणजे लॉवेलच्या बाया विधिमंडळासमोर उभ्या होत्या त्याच साली.

आता १८४८ कडे येऊ. १८४८ म्हटले की आपल्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला एवढेच आठवते की डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. त्याच वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मताचा अधिकार मागणारा ठराव गळून पडण्याच्या बेतात होता. तेव्हा त्याच्या बाजूने उठून बोलला तो हाच डग्लस. आणि त्याच वर्षी पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकवले आणि त्या शिक्षिका झाल्या. सेनेका फॉल्स आणि भिडे वाडा यांना एकमेकांची खबरही नव्हती, हे उघड आहे. मी त्यात ओढूनताणून नाते जोडत नाही.

पण १८७३ मध्ये नाते खरोखर जुळले. 'गुलामगिरी' हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केले. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. तरुणपणी थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचलेल्या माणसाची ती आशा होती. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की जोतीरावांनी ज्यांना पुस्तक अर्पण केले त्यांचे काम तेव्हा अर्धेच झाले होते, आणि पुढच्या काही वर्षांत तेही मागे गेले. १८७७ नंतर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचे हक्क एकेक करून काढून घेण्यात आले. त्यासाठी वापरलेले एक हत्यार होते साक्षरतेची परीक्षा. मिसिसिपी राज्याने १८९० च्या घटनेत ती घातली. मत द्यायचे तर वाचून दाखवा! ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर शिकणे हा गुन्हा होता, त्यांनाच ही अट. १९६५ च्या मताधिकार कायद्याने या परीक्षांना आळा बसला. हे वाचले तेव्हा मला आपल्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची थोरवी कळली. अंगठेबहाद्दर म्हणून ज्यांची थट्टा होते त्या सगळ्यांना आपल्या घटनेने पहिल्याच फटक्यात मत दिले. वाचता येत नाही तर बैलजोडी बघ, झोपडी बघ, आणि चिठ्ठी टाक. तेव्हा अंगठ्याला हसणारी मी कोण?

असो. आता आपल्या भागातल्या कारखान्याकडे वळू, कारण औद्योगिक युग आपल्याकडे नांगराच्या रूपाने आले.

आमच्या गोठ्यामागे एक मोडका लोखंडी नांगर पडून आहे. त्याला घरात 'किर्लोस्करी' म्हणतात. आज्जा सांगतो की त्याच्या आज्जाच्या पिढीत लोक लोखंडी नांगराला भीत. लोखंड लागले की जमीन विषारी होते, असा समज. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर घडवला, तेव्हा सुरुवातीला या समजुतीमुळेच त्याला गिऱ्हाईक मिळेना. मला हे आपल्या अडाणीपणाचे लक्षण वाटत असे. पण अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले होते, की लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते! आपल्याकडे झाले उलटेच. हरळीने धरलेली काळी रानं याच नांगराने खोल उलथली गेली. त्यासाठी चार-चार, सहा-सहा बैल जुंपावे लागत, ते ज्याच्याकडे होते त्याची हरळी गेली. ज्याच्याकडे नव्हते तो लाकडी नांगरावरच राहिला.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात कुंडलजवळ जागा दिली. स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. (तेव्हाचा सातारा जिल्हा आणि आसपासची संस्थाने आठवावीत. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ चा आणि त्याचे सांगली हे नाव १९६० चे.) वाडी हे आपले लॉवेल म्हणता येईल. कामगारांना घरे, शाळा, शिवाशीव न पाळण्याची शिस्त. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले, आणि ज्यांना सरकार जन्माने गुन्हेगार ठरवत होते त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या, ही गोष्ट मला त्यांच्या कारखान्याइतकीच मोठी वाटते. वाडीतूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर' मासिक निघू लागले, १९३० मध्ये 'स्त्री'. मध्यमवर्गीय घरांत या मासिकांनी किती वारे आत सोडले, यावर आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी एक तास घेतला होता. औंधच्या राजांनीही पुढे, १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने संस्थानचा कारभार गावपंचायतींच्या हाती देणारी घटना केली. राजाने आपण होऊन सत्ता सोडण्याचे असे उदाहरण विरळा.

पण हे सगळे वरून खाली आले, चांगल्या माणसांच्या चांगल्या मनातून. लॉवेलमध्येही मालक सुरुवातीला बरेच होते. फरक तिथल्या मुलीच्या हातात होता, ती अर्ज लिहू शकत होती. आपल्याकडे कारखाना आधी आला आणि नांगर धरणाऱ्याच्या पोराला शाळा अजून दिसायची होती. मुंबईतही तसेच. साताऱ्या-रत्नागिरीचे हजारो लोक गिरणीत होते, आणि त्यांच्यासाठी लिहायला सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. १८८४ मध्ये ५,५०० कामगारांचा अर्ज त्यांनी फॅक्टरी कमिशनकडे दिला. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती आपण सगळे अजून भोगतो.

आता ज्या माणसाकडे मी इतका वेळ येत होते, तो. ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातला, १८८७ मध्ये कुंभोजला जन्मलेला, शाळेत फारसे न रमलेला एक धिप्पाड गृहस्थ ओगले काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत होता. म्हणजे भाऊराव पाटील. कर्मवीर म्हणून त्यांचा पुतळा आपण रोज पाहतो, पण फिरता विक्रेता म्हणून त्यांच्याकडे पाहत नाही. मला ते महत्त्वाचे वाटते. नांगर विकायला गेलेल्या माणसाला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. उधारीचा कागद करावा लागतो. आणि त्या कागदाच्या खाली काय उमटते, हे त्याला दिवसातून दहादा दिसते. त्यांच्या मनात काय आले ते मी सांगू शकत नाही, पण हा माणूस कंदील आणि नांगर सोडून शाळेकडे वळला, एवढे खरे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेचा संकल्प झाला. म्हणजे अमेरिकन लोकांना पुस्तक अर्पण करणाऱ्या जोतीरावांची चळवळ आणि नांगर विकणारा माणूस तिथे एकत्र आले. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, सगळ्या जातींची मुले एका पंगतीत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले. पोरांच्या जेवणाची सोय होईना तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९३५ मध्ये शिक्षक तयार करण्याचे विद्यालय निघाले, १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज. मुले खडी फोडत, शेतात राबत आणि शिकत.

'कमवा आणि शिका' ही कल्पना फक्त आपलीच, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण अमेरिकेत मेरी लायन या बाईने १८३७ मध्ये माउंट होल्योकला मुलींची विद्यालय-शाळा काढली, तिथे फी कमी राहावी म्हणून मुलीच स्वयंपाक आणि धुणी-भांडी करीत. गुलामीतून सुटलेल्यांच्या मुलांनी टस्कगीला १८८१ नंतर स्वतः विटा भाजून स्वतःची शाळा बांधली. १८३७ हे सालच विलक्षण. त्याच वर्षी जॉन डीअरने इलिनॉयच्या चिकट काळ्या मातीसाठी पोलादी फाळाचा नांगर केला, आणि त्याच वर्षी होरेस मॅन मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा सचिव होऊन सरकारी खर्चाने चालणाऱ्या, सर्वांना खुल्या शाळांसाठी झटू लागला. नांगर आणि शाळा तिथे दोन वेगळ्या माणसांच्या हातून आल्या. आपल्याकडे त्या एकाच माणसाच्या पाठीवरून आल्या.

मी स्वतः कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम करते. या लेखासाठी वाचलेली अर्धी पुस्तके मीच झटकून कपाटात लावली आहेत.

मॅनच्या शाळा कराच्या पैशावर चालल्या. रयतच्या शाळा बऱ्याच अंशी मुठीवर चालल्या. गावोगाव घरटी मूठ-मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते वसतिगृहाला द्यायचे, ही ती योजना. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हाही लोकांनी ती पडू दिली नाही. औंधची घटना संस्थान विलीन होताच १९४८ मध्ये संपली, कारण ती देणारा राजाच उरला नाही. मुठीच्या शाळेला असा एक मालक नव्हता. हे माझे मत आहे, प्राध्यापकांनी खोडून काढावे.

फक्त एका गोष्टीवर माझे समाधान होईना. लॉवेलच्या सह्या बायकांच्या होत्या. भाऊरावांनी १९४२ मध्ये साताऱ्यात जिजामातांच्या नावाने स्त्री-शिक्षिकांचे विद्यालय काढले, हे खरे. पण आमच्या आज्जीच्या हातापर्यंत ते का आले नाही? तिचा भाऊ रयतच्या बोर्डिंगात राहून शिकला आणि मास्तर झाला. आज्जी आजही बँकेत अंगठा देते. एका संध्याकाळी मी तिला मुठीच्या धान्याबद्दल विचारले. पुस्तकात 'लोकांनी धान्य दिले' असे असते, ते लोक कोण?

आज्जी शेंगा फोडत होती. म्हणाली, "कोण म्हंजे? दळायला बसलं की पयली मूठ आमी बायका बाजूला काढायचो. गाडगं भरलं की बोर्डिंगाचं पोरगं येऊन न्यायचं. माजी आय काढायची, तिचं बघून मी. भाऊ सुट्टीला आला की मला जात्याजवळ बसून धडं वाचून दावायचा."

"मग तू नाही शिकलीस?"

"जातं कुणी वढायचं?" असे म्हणून तिने मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. "फोड. बोलत बसू नगं."